दाजींची ट्यूब अडली ती सकाळ

मी आयुष्यभर मशिनी दुरुस्त केल्या. जालन्यात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. बंद पडलेली मशिन कशानं तरी बंद पडलेली असते. बेल्ट सुटतो, बेअरिंग जातं, नाहीतर कुणाची तरी हयगय असते. कारणच नाही असं कधी नसतं. म्हणून भूत, करणी, बाहेरचं असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून जायचो. आजही जातो. या सदरातले अनुभव माझी नात मला वाचून दाखवते. त्यातले निम्मे मला पित्ताचे वाटतात… राग मानू नका.

तरी हे लिहायला बसलोय. का, ते शेवटापर्यंत वाचलंत तर कळेल.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. निजामाचं राज्य होतं. आताचा जालना जिल्हा तेव्हा नव्हता, अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचा. आमचं गाव तीर्थपुरीजवळ. थोरली बहीण गया, जिला मी आक्का म्हणायचो, ती वडीगोद्रीपासून आत कोसभर एका गावात दिली होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिच्या सासरची माणसं तिथं अजून आहेत. गावाच्या उगवतीला तलाव आहे. एका अंगाला मातीचा बांध, त्यावर बाभळी. गावाच्या अंगाला धुण्याचे दगड. मधोमध पाणी खोल.

आदल्या पावसाळ्यात आक्का त्याच तलावात गेली. धुणं धुताना पाय घसरला, लुगडं पायात गुंतलं, असा निरोप आला. निरोप पोचला तोवर तिला जाळलंही होतं. पावसाचे दिवस, थांबता येत नव्हतं, म्हणाले. दाजी म्हणजे आक्काचा नवरा त्या दिवशी कचेरीच्या कामानं अंबडला गेले होते, हेही निरोप्यानं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. मागं नुकती चालायला लागलेली पोर राहिली, सुमन.

माझी माय तेव्हा एकच वाक्य बोलली, "तिला पवता येत व्हतं."

खरं होतं ते. मला पोहायला आक्कानंच शिकवलं होतं, आमच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. पण आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मरणाला कोण काय करील? गप बस." माय गप्प बसली. आमच्या घरात आबा गप बस म्हणाले की विषय संपायचा.

माघ महिन्यात आबांनी ठरवलं की माझी धाकटी बहीण कौसा दाजींना द्यायची. सोयरीक टिकते, पोरीला मावशीच आई म्हणून मिळते, आणि स्थळ पाहिलेलं. असं तेव्हा सर्रास व्हायचं, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. कौसाला कुणी विचारलं नाही. मलाही नाही. मला जालन्याला आबांचा निरोप आला तो एवढाच, की बोलणी करायला माझ्यासोबत चल, आणि येताना तुझ्या त्या ट्यूबा आण, दाजींनी सांगितलंय.

त्या ट्यूबांचं सांगायला पाहिजे. जिनिंगच्या लॉरीच्या टाकून दिलेल्या दोन ट्यूबा मी पंक्चर काढून ठेवल्या होत्या. त्यात हवा भरायची, मधल्या भोकाला खालून बाज विणतात तशी दोरी विणायची, आणि त्यात बसायचं. पाय पाण्यात लोंबतात, हात मोकळे राहतात. फळीच्या तुकड्यानं वल्हवत पाहिजे तिथं जायचं आणि गळ टाकायचा. काठावरून जे मासे सात जन्मात लागत नाहीत ते असे लागतात. दाजींना या प्रकाराचं भारी कवतिक होतं. माणूसही मोठा हसतमुख. खरं सांगतो, मला ते आवडायचे.

आम्ही पोचलो त्या दिवशी मी सुमनला कडेवर घेतलं. ती माझ्याकडं पाहून रडली नाही, कान धरून बसली. संध्याकाळी दाजी म्हणाले, "सखा, सकाळी तळ्यावर जाऊ. सुपारी फोडायची ते संध्याकाळी. दुपारच्याला आबांना मरळीचं कालवण घालू."

त्याच तळ्यावर? मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "जा की. मी बी येतो काठाला."

दिवस उगवताना आम्ही निघालो. आबा, दाजींचे वडील, त्यांचा सालगडी किसन, दाजी आणि मी. काठावर शेकोटी केली. पाणी गार होतं, पण वारा बिलकुल नव्हता. तलाव तेल ओतल्यासारखा सपाट. मी आणि दाजी ट्यूबांत बसून आत गेलो.

पहिल्यांदा बांधाच्या कडेला गांडुळं लावून टाकलं. मला दोन शिंगट्या लागल्या. या माशाचा काटा हातात गेला की दिवसभर ठणकतो, म्हणून त्या कापडात धरून सोडवल्या. मग एक वाम, हातभर लांबीची, सुटताना माझ्या मनगटाला वेटोळं घातलं तिनं. दाजी शेवाळाच्या कडेला गेले, त्यांनी गळाला जिवंत बेडकी लावली होती. थोड्या वेळात त्यांची ट्यूब गर्रकन फिरली आणि पाण्यातून मरळ वर आली. काळी, जाड, मांडीएवढी! दाजी ओरडले, "आबा, बघा! जावयानं दिली का न्हाई?"

काठावर तिघंही हसले. मीही हसलो. पांढरी बारकी मासळी तर मग किती लागली त्याला मोजदाद नाही. ऊन पाठीवर यायला लागलं होतं. इतकी चांगली सकाळ… म्हणजे तोवर तरी.

दाजी वल्हवत तळ्याच्या मध्यावर गेले. मी बांधाजवळच होतो. तेवढ्यात त्यांची हाक आली. "सखा, जरा इकडं ये रे. अडकलं कशात तरी."

मी गेलो. म्हटलं गळ गुंतला असेल, दोरी कापा. त्यांनी चाकूनं दोरी कापली. ट्यूब हलेना. म्हटलं खाली वेल असेल. मी माझे पाय त्यांच्या ट्यूबेखालून फिरवले. काही नाही, नुसतं पाणी. पुरुषभर खोल तर होतंच, जास्तच. मी त्यांची ट्यूब धरून ढकलली, तर माझीच मागं गेली. त्यांची जाग्यावर.

"गंमत करून राह्यला का काय?" दाजी हसत म्हणाले. पण हसू निम्म्यात थांबलं.

मी काठाला जाऊन दोर आणला. मोटेचा नाडा आणि त्याला जोडलेले कासरे. एक टोक काठावर किसनच्या हातात, दुसरं मी दाजींच्या ट्यूबेला बांधलं. किसन आणि दाजींचे वडील ओढायला लागले. दोर ताठ झाला, पिळून त्यातलं पाणी गळायला लागलं. दोन धट्टीकट्टी माणसं मागं रेलून ओढताहेत आणि हवेनं भरलेलं एक रबराचं कडं पाण्यावरून वीतभर सरकत नाही… तुम्हीच सांगा.

आणि तेव्हा मला ते दिसलं. दाजींच्या डाव्या हाताकडची ट्यूबेची कड पाण्यात दबली होती. सगळी ट्यूब नाही, तेवढीच जागा. रबर दोन ठिकाणी आत गेलं होतं. पोहून दमलेला माणूस ट्यूबेला दोन्ही हातांनी लोंबकळतो ना, तेव्हा रबर असंच दबतं. मी स्वतः कितीदा तसा लोंबकळलोय. पण तिथं कुणी नव्हतं. हात नव्हते, केस नव्हते, पाण्यात सावलीसुद्धा नव्हती. नुसती दबलेली कड, आणि ती बारीक बारीक हलत होती, धाप लागल्यासारखी.

मी म्हटलं, "दाजी, ट्यूब सोडा. पोहत चला माझ्यासोबत." त्यांना चांगलं पोहता यायचं.

दाजींनी पाय वर ओढून घेतले होते. लहान पोरासारखे पोटाशी धरून बसले होते. म्हणाले, "पाय न्हाई घालायचे मला पाण्यात."

"का?"

ते माझ्याशी बोललेच नाहीत. त्या दबलेल्या कडेकडं बघून बोलायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं. "गया… सोड. गया, सोड म्हणतो ना! मी ढकललं का तुला? तुझ्या पायानं गेल्ती तू. मी नुसता उभा होतो. उभाच होतो मी… हात मागितला तू, न्हाई दिला. मंग? आता काय करू? सोड, जल्दी सोड…"

वारा नव्हता, मघाशी सांगितलंच. अशा पाण्यावर काठावरचं खोकलणंही आत ऐकू येतं, आणि आतलं काठावर.

मला भीती वाटली का, असं मला बायकोनं पुढं विचारलं होतं. नाही वाटली. मला आठवलं ते एवढंच, की अंबडला गेलेला माणूस इथं उभा होता. माझी बहीण पाण्यातून हात वर करत होती आणि हा उभा होता.  मी माझी ट्यूब त्या बाजूला नेली, दबलेल्या कडेशेजारी, आणि रिकाम्या पाण्यावर हात पुढं केला.

म्हटलं, "आक्का, धर. मी सखा. हात धर, ये वर."

हाताला काही लागलं का? नाही. खोटं कशाला सांगू. काही लागलं नाही. गार पाणी होतं फक्त. किती वेळ तसा हात धरून होतो ते सांगता येणार नाही. मग ती कड एकदम वर आली. सगळी ट्यूब उसळली, ताणलेला दोर सैल पडला आणि काठावर किसन आणि दाजींचे वडील दोघंही उताणे पडले. दाजींची ट्यूब सुळकन काठाकडं निघाली, जणू मघापासून काही झालंच नव्हतं.

मी मागून आलो. वाटेत ठरवत होतो की आता काय होईल. आबा दाजींची गचांडी धरतील. नाहीतर रडतील तरी. त्यांची लेक होती. सगळं ऐकलंय त्यांनी.

काठाला आलो. दाजी शेकोटीजवळ बसून थरथरत होते. त्यांचे वडील धोतराची माती झटकत म्हणाले, "थंडीत पाण्यात बसल्यावर माणसाला भास होतेत. असं बरळत असतं माणूस." किसननं मान खाली घातली आणि नाडा गुंडाळायला लागला.

मी आबांकडं पाहिलं. आबांनी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि म्हणाले, "मरळ हाये ना पोत्यात? सुटली न्हाई ना?"

एवढंच.

दुपारी पानं वाढली. कालवणाचा वास घरभर. मी जेवलो नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "दाजी, त्या दिवशी तुम्ही अंबडला होता ना?"

दाजी म्हणाले, "होतो."

"मंग तळ्यावर उभं कोण होतं?"

दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. त्यांचे वडील म्हणाले, "पाव्हणा, तोंड सांभाळून बोला. आमच्या दारात बसलाव." मी म्हटलं, "काठावर तुम्ही तिघं होता. ऐकलं का न्हाई ते सांगा." ते म्हणाले, "काय ऐकायचं? मी दोर ओढत होतो." मी दारात बसलेल्या किसनकडं पाहिलं. तो म्हणाला, "मालक, मला न्हाई काय ऐकू आलं."

"आबा, तुम्ही?"

आबा म्हणाले, "जेव आधी. सुपारीच्या दिवशी घाण बोलू ने."

मी उठलो. सुमन आतल्या दारात उभी होती, तिला उचलून न्यावं असं मनात आलं, पण कोण नेऊ देणार? तसाच बाहेर पडलो आणि चालत निघालो. ट्यूबा तिथंच राहिल्या. गावी पोचलो आणि मायला सगळं सांगितलं. आधी दाजी काय बोलले ते, मग ट्यूबेचं. मला वाटलं माय ऊर बडवील. ती चुलीपुढं बसली होती. लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "मला ठावं व्हतं. मरायच्या आदल्या दिवाळीला आल्ती तवा वळ उठलेली पाठ दावली व्हती तिनं मला. मी तिला परत धाडली. तुझ्या आबानं धाडली म्हण, का मी धाडली म्हण."

मग म्हणाली, "कौसाला घेऊन जा. आत्ता. त्यायनी यायच्या आत."

मी कौसाला जालन्यात मस्तगडला माझ्या खोलीवर आणलं. मागून आबा आले ते सुपारी फोडून आले होते. माझ्या दारात उभे राहून कौसाला हाका मारल्या. मी कडी काढली नाही. सोयरीक मोडली. भावकीत आबांची मान खाली गेली. त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलायचे थांबले. आमोरासमोर आलो तर मायला सांगायचे, "त्याला म्हणावं बाजूला हो."

लोकांना वाटतं, खरं बोललं की शेवटी चांगलं होतं. आता काय झालं ते ऐका. दाजींनी दुसरीकडं लग्न केलं, मुलं झाली, पुढं गावात मानाचे झाले. भांडण मिटवायला लोक त्यांना बोलवायचे. सुमनला आम्हाला कधीच भेटू दिलं नाही. तिच्या लग्नाला मी न बोलावता गेलो. मांडवात ती माझ्या पाया पडली. कुणीतरी म्हातारा पाव्हणा म्हणून पडली, आणि पुढच्याच्या पाया पडायला गेली. मी सांगितलं नाही मी कोण ते. कौसाला बदनामीमुळं चांगलं स्थळ मिळेना. शेवटी लांब एका बिजवराला दिली, तो दारू प्यायचा. एकदा राखीला आली तेव्हा म्हणाली, "दादा, तिथं तू मला वाचवलं म्हणतेत सगळे. मंग इथं का न्हाई वाचवलं?" 

राज्य बदललं, निजाम गेला. माय गेली. आणि मग एकदा आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, जालन्याला ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा नाइलाजानं ते माझ्या घरी राहिले. डोळ्यांवर पट्टी. मी चहा नेऊन दिला की मुकाट्यानं घ्यायचे. एका दुपारी कप हातात घेतला आणि म्हणाले, "सखा हाये का?"

इतक्या वर्षांनी माझं नाव घेतलं. म्हटलं, "हाये."

"त्या दिवशी तू तिला हात दिला. तळ्यात."

मी त्यांच्या बाजेशेजारी बसलो.

"तिनं न्हाई धरला. तिचं ध्यानच न्हवतं तुझ्याकडं. तुझ्याकडं पाठ व्हती तिची."

 म्हटलं, "आबा, तिथं कुणी न्हवतं. मी जवळ होतो. मला काही दिसलं न्हाई."

"मला दिसली," आबा म्हणाले. "दोन्ही हातांनी ट्यूब धरून व्हती. हिरवं लुगडं. काठाकडं तोंड करून. माझ्याकडं बघत व्हती, सखा. मी बोलतो का काय, हे बघत व्हती."

 मी म्हटलं, "अन् तरी तुम्ही मला इचारलं… मरळ सुटली का म्हणून?"

आबांनी कप चाचपत खाली ठेवला. म्हणाले, "मंग काय इचारायचं व्हतं?"

त्यानंतर ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. पट्टी निघाल्यावर गावी गेले. पुन्हा आमचं बोलणं बंद झालं ते झालंच.

ट्यूबेचं मी एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं होतं, नावं न घेता. तो म्हणाला, खाली झाडाचं खोड असेल, विणलेल्या दोरीचा फास बसला असेल, आणि फासाच्या ओढीनं तेवढी बाजू दबली असेल. शक्य आहे. मी त्या ट्यूबेखालून स्वतः पाय फिरवले होते, तरी शक्य आहे म्हणतो. दाजींना भास झाला, तेही धरून चालू. पण काठावर कोरड्यात शेकोटीला बसलेल्या आबांना तीच बाई कशी दिसली? दिसली असेल तर मला, तिच्या सख्ख्या भावाला, हातभर अंतरावर असून का नाही दिसली? हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर लिहा. आणि लेकीनं तसं बघितल्यावरही एखादा बाप गप्प कसा राहू शकतो… तेही कुणाला माहीत असेल तर लिहा.